पावशेरचे बारा ग्रॅम

"काटा चुकेल, डॉक्टर चुकतील, माझा मुलगा तर रोजच चुकतो. पण आमचा किलो चुकायचा नाही!"

किलोकाकांनी हे नवजात बाळांच्या विभागाच्या दारात उभं राहून जाहीर केलं. पायांवर निळ्या पिशव्या, डोक्यावर कागदी टोपी आणि काखेत जड पिशवी. खोडून काढायला तिथे कोणी नव्हतं. सिस्टर होत्या, पण त्या कोपरापर्यंत हात धूत होत्या.

"पिशवीत काय आहे, आजोबा?"

"किलो."

"कशाचा?"

"कशाचा नाही. नुसता किलो."

सिस्टरनी नळ बंद केला. "बाहेरची वस्तू आत न्यायची नाही."

"बाहेरची कुठे? घरची आहे. माझ्या आजोबांपासून घरात आहे."

सिस्टरनी साबणाकडे बोट दाखवलं. किलोकाकांनी आधी स्वतःचे हात धुतले, मग किलोला साबण लावला, मग दोघांना स्पिरिट चोळलं. पितळेचा तो गोळा असा चकाकत होता की त्यात सिस्टरना स्वतःची टोपी वाकडी दिसली आणि त्यांनी ती सरळ केली.

किलोकाकांचं खरं नाव बाजारात कोणाला माहीत नव्हतं. त्यांना स्वतःलाही ते फक्त बँकेत आठवायचं. तीन पिढ्या तराजू आणि काटे दुरुस्त करायचा धंदा. दुकानात काचेच्या कपाटात हा पितळी किलो, आणि बाजारातले झाडून सगळे काटे याच्यावरून जुळवलेले. भाजीवाले, किराणावाले, कोळशाची वखार, सगळे. वर्षातून एकदा सरकारी तपासनीस यायचा तोसुद्धा चहा घेता घेता म्हणायचा, "किलोकाका, आमचाही काटा एकदा तुमच्या किलोवर बघून घ्या बुवा." आणि किलोकाका बघून द्यायचे.

अशा घरात सुनेला तिळं झाली, आणि तीही घाईघाईनं, दोन महिने आधी. पहिल्या मुलाला किलोकाकांनी जुन्या मापांवरून शेर म्हटलं, दुसऱ्याला अच्छेर, म्हणजे अर्धा शेर, आणि तिसरी, मुठीत मावेल एवढी मुलगी, ती पावशेर. खरी नावं अजून ठेवायची होती. विहीणबाई आणि आत्या, म्हणजे किलोकाकांची धाकटी बहीण, यांचं कुठल्याच नावावर जमत नव्हतं, आणि मुलं तीन असल्यामुळे भांडायला जागा मुबलक होती.

विभागाचा नियम साधा होता. बाळ दीड किलोचं झालं की काचेच्या पेटीतून निघून खालच्या मजल्यावर आईच्या खोलीत. शेर आणि अच्छेर खाली गेले. पावशेर वर राहिली, चौदाशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅमवर. एखाद्या दिवशी तीन ग्रॅम वर जायची, दुसऱ्या दिवशी खाली यायची, आणि पुन्हा तिथेच येऊन बसायची. सून टाक्यांवर हात धरून जिना चढायची. वर मुलीजवळ बसली की खाली दोघं भोकाड पसरायचे, आणि खाली गेली की वर ही एकटी. लिफ्ट होती, पण ती दर वेळी तळघरात जाऊन मगच वर यायची, आणि तेवढा धीर सुनेला नव्हता.

"बारा ग्रॅम!" किलोकाका बाहेरच्या बाकावर बसून रोज म्हणायचे. "बारा ग्रॅमला काय धरून बसलेत? काटाच कमी दाखवतोय त्यांचा. आकडे लुकलुकतात त्या काट्यांवर माझा विश्वास नाही."

हा टोला मुलाला होता. मुलगा बापाचा धंदा सोडून आकडे लुकलुकणारे काटे विकायचा. तेव्हापासून किलोकाका त्याला बटण म्हणत. लग्नाच्या जेवणातसुद्धा त्यांनी पंगतीत हाक मारली होती, "बटण, जिलबी घे."

"बाबा, तो काटा चांगला आहे," बटण म्हणाला. "मी बघितलाय."

"तू विकलास का?"

"नाही."

"मग चांगला असेलही. तरी तपासायला हवा."

विहीणबाईंनी आयुष्य पोस्टात पार्सलच्या खिडकीवर काढलं होतं. सरकारी काट्यापलीकडे त्या कशाला मानत नव्हत्या, आणि साखरपुड्यात किलोकाकांनी "पोस्टाचा काटा म्हणजे अंदाजपंचे" असं म्हटल्यापासून व्याह्यांशी त्यांचं बोलणं कामापुरतं होतं. पण त्या दिवशी त्यांनी लेकीला जिन्यात मधेच बसलेलं पाहिलं आणि त्या येऊन किलोकाकांशेजारी बाकावर टेकल्या.

"व्याही, तुमचा किलो आणा," त्या म्हणाल्या. "बघू तरी."

अशी ही दोन घरं एकत्र आली. घर जिच्या ताब्यात होतं ती आत्याही लगेच या बाजूला आली, कारण बहुमत तिकडे होतं. बटण एकटा पडला.

डॉक्टरीणबाई राऊंडला आल्या तेव्हा त्यांना दारात पितळी गोळा छातीशी धरलेला माणूस दिसला. काटा आमच्या किलोवर तपासू का, असं तो माणूस त्यांना रोज विचारत होता आणि त्या रोज "बघू" म्हणत होत्या. आज उशीर झाला होता. "ठेवा एकदाचा," त्या म्हणाल्या.

सिस्टरनी काट्यावर कपडा अंथरला, शून्य केलं, आणि किलोकाकांनी देव्हाऱ्यात ठेवावा तसा किलो ठेवला.

नऊशे शहाऐंशी.

 किलोकाकांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली.

"चौदा ग्रॅम कमी," ते हळूच म्हणाले. "हजार ठेवले तर चौदा खातोय तुमचा काटा. म्हणजे आमची पोर..." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "पंधराशे नऊ!"

काचेपलीकडून सून बघत होती. तिला आवाज ऐकू येत नव्हता, पण सासऱ्यांनी हवेत नऊ बोटं वर केली आणि विहीणबाईंनी टाळी वाजवली, एवढं तिला पुरलं. ती आत आली ती धावतच.

"म्हणजे झालं? खाली न्यायचं?"

"थांब गं," बटण म्हणाला. "आधी काटा नीट तपासू दे. कदाचित बाबांचा..."

"बाबांचा काय?"

"काही नाही. तपासू दे म्हटलं."

"तू काट्याच्या बाजूनं आहेस का माझ्या?"

बटणनं उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. तेवढा वेळ पुढे त्याला बरेच दिवस महागात पडला.

"काटे तपासणारा माणूस दुपारी बोलावते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोवर मुलगी हलणार नाही. आणि आजोबा, तो गोळा तेवढा खाली उतरवा. पुढचं बाळ थांबलंय."

दुपारपर्यंत खालच्या खोलीत तिसरा पाळणा लागला. विहीणबाईंनी त्यात चादर घातली, आत्यानं ती काढून दुसरी घातली. सून पलंगावर बसून त्या रिकाम्या पाळण्याकडे बघत होती आणि पहिल्यांदाच न सांगता पोटभर जेवली. किलोकाका खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला किलोचा इतिहास सांगत होते. फरशी पुसणाऱ्या बाईंना त्यांनी तो दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा त्या मधेच बादली बदलायला गेल्या होत्या.

तपासणारा आला तो एक छोटी पेटी घेऊन. पेटीत मखमल, मखमलीत स्टीलचं वजन. त्यानं हातमोजे चढवले, चिमट्यानं वजन उचललं आणि काट्यावर ठेवलं.

हजार.

उतरवून पुन्हा ठेवलं. हजार. दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून पाहिलं. हजार.

"काटा बरोबर आहे," तो म्हणाला आणि पितळी किलोकडे वळला. "हे कोणाचं?"

खोलीत सात माणसं होती आणि सगळ्यांनी किलोकाकांकडे न बघण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला.

तपासणाऱ्यानं किलो उचलला, फिरवून पाहिला, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. "इथे अक्षरं होती ना? कडा पण गोल झाल्यात. घासता का हे?"

"रोज," किलोकाका म्हणाले. "दुकान उघडलं की पहिलं काम. विटकरीची पूड आणि राख. माझे आजोबा घासायचे, वडील घासायचे. मग मी."

"मी पण," बटण म्हणाला. "शाळेत जायच्या आधी."

"आणि सणासुदीला मी चिंच लावायची," आत्या अभिमानानं म्हणाली.

"मग बरोबर," तपासणारा म्हणाला. "तीन पिढ्यांत चौदा ग्रॅम गेले. एवढं घासलंत तर आणखी जायला हवे होते. पितळ चांगलं असणार."

पेटी बंद करून तो गेला. आत्या मनातल्या मनात काहीतरी करत होती.

"दादा, म्हणजे आपल्या घरचा काटासुद्धा याच्यावरच जुळवलेला?"

"हो."

"म्हणजे मी दिसते त्याहून हलकी आहे?"

"एक किलोभर असशील."

"आणि मी इतकी वर्षं भात सोडलाय!" आत्या म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो त्या प्रसंगाला अजिबात शोभत नव्हता.

 विहीणबाईंनी फक्त पदर सारखा केला आणि एवढंच म्हटलं, "पोस्टाचा काटा." मग त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. दोन घरं सकाळी एकत्र आली होती. संध्याकाळची वाटसुद्धा न बघता वेगळी झाली.

"मी सांगतो तिला," बटण म्हणाला.

"तू नको," किलोकाका म्हणाले. "किलो माझा आहे."

ते खाली गेले. जिन्यानं. सून पाळण्याची चादर हातानं सपाट करत होती. चादर केव्हाच सपाट झालेली होती.

"आणताय का तिला?"

"नाही, पोरी."

ती थांबली.

"काटा बरोबर निघाला. किलो हलका आहे. आपला." किलोकाकांनी पाळण्याची कड धरली. "ती अजून चौदाशे अठ्ठ्याऐंशीच आहे. बारा ग्रॅम खरंच हवेत. मी तुला उगाच..."

सून पलंगावर बसली. शेर जागा होता, छताकडे बघत होता. तिनं त्याचं दुपटं सारखं केलं.

"झिजला कशानं?" तिनं विचारलं.

"घासून."

"कोणी घासला?"

"सगळ्यांनी. लाडका होता ना."

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. मग तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि टाके दुखायला लागले म्हणून दोन्ही थांबवावं लागलं. "बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "पाळणा राहू दे इथेच. काढू नका."

किलोकाका पुन्हा वर आले. त्यांना कोणाशी बोलायचं नव्हतं, म्हणून ते काचेसमोर उभे राहिले. आत पावशेर झोपली होती. आत्या हात धुऊन आत गेली, पेटीची गोल खिडकी उघडली आणि एका बोटानं पोरीचा पाय चोळू लागली. पावशेर दचकली, तोंड वाकडं केलं, हातपाय झाडले. आत्या समाधानानं बाहेर आली. मग विहीणबाई गेल्या. त्यांनी पाठ चोळली. पोर पुन्हा दचकली. मग बटण गेला आणि त्यानं कपाळ चोळलं. शेर आणि अच्छेर खाली गेल्यापासून वर भेटायला हीच एक उरली होती, आणि दोन घरांचं सगळं प्रेम आता त्या एका गोल खिडकीतून आत जात होतं. किलोकाकांना आठवलं, सकाळी येताच आपणही तिची टाळू चोळली होती. कालही. परवाही.

ते तडक सिस्टरकडे गेले.

"सिस्टर, पोराला सारखं चोळलं तर वजन कमी होतं का?"

सिस्टरनी हातातलं काम ठेवलं. "आजोबा, हे मी तुमच्या घरातल्या प्रत्येकाला सांगितलंय. एवढी पिल्लं दचकली की सगळी ताकद त्यातच जाते. प्यायलेलं दूध अंगाला कुठून लागणार? हात ठेवायचा तर नुसता ठेवा, न हलवता. ते पण आईनं. तुमच्याकडे सगळे मान डोलावतात आणि आत जाऊन चोळतात."

"मला सांगितलं होतं?"

"तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, आमच्या घरात घासल्याशिवाय काही चमकत नाही."

किलोकाकांना हे आठवलं. शब्द त्यांचेच होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेरचा बाक उचलून थेट विभागाच्या दारात मांडला आणि त्यावर ठाण मांडलं. आत्या आली. "कुठे?" "पायाला हात लावून येते." "पाय तिचे आहेत, तिच्याकडे राहू दे." विहीणबाई आल्या. "व्याही, मी आजी आहे तिची." "मीही आजोबा आहे. मी बाहेर बसलोय." विहीणबाईंनी थोडा विचार केला, मग पर्स मांडीवर ठेवून त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि आत्यावर लक्ष ठेवू लागल्या. बटण आला तेव्हा दोघांनी एका सुरात "नाही" म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच व्याहीविहिणीचं एका शब्दावर एकमत झालं.

सून मात्र आत जायची. गोल खिडकीतून हात घालून पोरीच्या पाठीवर ठेवायची आणि तसाच राहू द्यायची. तिचा स्वतःचा हात बधिर व्हायचा, पण पोर दचकायची नाही.

या काळात बाजारात बातमी फुटली. आत्यानं भात पुन्हा सुरू केला होता आणि कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला ती मोकळेपणानं सांगत होती. भाजीवाले आणि किराणावाले हॉस्पिटलच्या आवारात जमले. किलोकाका शिव्या खायच्या तयारीनं खाली उतरले. पण लोकांची तक्रार वेगळीच होती. "काका, काटे खरे करून देणार म्हणता," वखारवाला हळूच म्हणाला, "पण घाई काय आहे? सगळ्यांना सवय झालीय." किलोकाकांनी सगळ्यांना सांगितलं की काटे खरे होणार, एकूणएक, आणि आपल्या खर्चानं. लोक नाराज होऊन गेले. सरकारी तपासनीसानं फक्त निरोप पाठवला की त्याचा काटा आधी घ्यावा, आणि कोणाला सांगू नये.

एके दिवशी बटण बाकापाशी आला आणि बापाच्या मांडीवर एक पेटी ठेवली. आत मखमल, मखमलीत स्टीलचा नवा किलो.

"हातानं धरायचा नाही," बटण म्हणाला. "चिमटा सोबत दिलाय. घासायचा तर नाहीच. धूळ बसली तर फुंकर."

"फुंकर," किलोकाका म्हणाले. त्यांनी पेटी उघडून बराच वेळ पाहिलं. "चमकत नाही फारसा."

"त्याला चमकायचं नसतं, बाबा. भरायचं असतं."

किलोकाकांनी पेटी मिटली. "बरा आहे," ते म्हणाले, आणि मग, बरीच खटपट करून, "बटण, तुझा काटा पण बरा होता." बटण इतका गोंधळला की लिफ्टमध्ये बसून तळघरात जाऊन आला.

आणि मग एका सकाळी सिस्टरनी पावशेरला काट्यावर ठेवलं. बाहेर बाकापाशी किलोकाका आणि विहीणबाई काचेला नाक लावून उभे. आकडा खालीवर झाला, कारण पोरीनं पाय झाडला. मग ती शांत झाली आणि आकडाही.

पंधराशे दोन.

"पुन्हा ठेवू?" सिस्टरनी दारातून विचारलं. "खात्रीसाठी?"

"नको!" विहीणबाई ओरडल्या. "तिनं काही करायच्या आत खाली न्या!"

सिस्टर हसल्या आणि पोरीला कपड्यात गुंडाळून निघाल्या. पुढे सिस्टर, मागे बटण, त्याच्यामागे व्याही आणि विहीण, अशी वरात जिन्यानं खाली उतरली. सून दारातच उभी होती. तिनं मुलगी घेतली, छातीशी धरली आणि पलंगावर टेकली.  तिसऱ्या पाळण्यात ती लगेच ठेवणार नव्हती हे सगळ्यांना दिसत होतं. शेर रडत होता, अच्छेर त्याला साथ देत होता, आणि त्या गोंगाटात पावशेर आईच्या गळ्याखाली डोकं खुपसून झोपून गेली.

"तुम्ही घ्या, बाबा," सून थोड्या वेळानं म्हणाली. "एकदा तरी."

किलोकाकांनी हात पुढे केले. आयुष्यभर हातात घेऊन वजन सांगणारा माणूस. पोर तळहातांवर आली तसे त्यांनी सवयीनं डोळे मिटले. "पंधराशे तेवीस," ते म्हणाले.

"बाबा," बटण म्हणाला, "पंधराशे दोन."

किलोकाकांनी डोळे उघडून स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "हात पण त्याच किलोवर जुळवलेले," ते म्हणाले, आणि पोर जशी होती तशी, न चोळता, आईकडे दिली.

तेवढ्यात आत्या आली. उशीर का झाला हे ती दारातूनच सांगत होती. आज पोर आईजवळ येणार, म्हणून पहाटेच उठून तिनं दुकान झाडलं, कपाट पुसलं. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं फडकं सोडलं. नवा किलो आरशासारखा लखलखत होता.

"राखेनं काही फरक पडेना," आत्या म्हणाली. "म्हणून मग पॉलिशच्या चाकावर धरला. चांगला तासभर. बघ दादा, तोंड दिसतंय."

खालच्या खोलीतही एक काटा होता. सिस्टरनी किलो उचलून त्यावर ठेवला.

नऊशे शहाण्णव.